आयती ऊब

डिसेंबरातल्या एका रविवारी भाचा जेवायला आला होता. आमटी-भात कालवता कालवता तो म्हणाला, “मामा, वॉर्म-अप करायला हलावंच लागतं असं काही नाही.”

मी पापड मोडायचा थांबलो. चोपन्न वर्षांत विज्ञान माझ्याशी इतक्या मायेनं पहिल्यांदाच बोलत होतं.

हा भाचा फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातले सांधे त्याला अभ्यासक्रमाप्रमाणे लागत गेले. पहिल्या वर्षी आईचा गुडघा झाला, दुसऱ्या वर्षी हिचा खांदा. तिसऱ्या वर्षाला मी अख्खा लागलोय. त्यातच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या रविवारी सिंहगड ठरला होता, आणि ‘कोण कोण येणार?’ या प्रश्नाखाली माझ्या फोनवरून हिनं परस्पर अंगठा दाखवून टाकला होता.

“म्हणजे नेमकं काय करायचं?” मी सावधपणे विचारलं.

“स्नायू बाहेरून तापवायचे. गरम पाण्यात बसायचं, नाहीतर सॉनात बसायचं, नाहीतर गरम कपडे घालून नुसतं बसायचं. पॅसिव्ह वॉर्म-अप म्हणतात त्याला.”

तिन्ही उपायांत ‘बसायचं’ हेच क्रियापद होतं. मी मनातल्या मनात त्याचं मराठीही करून टाकलं: आयती ऊब. नागोबाला आयतं बीळ मिळतं, मग मला ऊब का नको?

भाच्याचं म्हणणं असं, की स्नायू हे तसं उधळ्या स्वभावाचं इंजिन. खाल्लेल्यातला जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतं, उरलेल्याची नुसती उष्णता करतं. मैदानावर माणसं सुरुवातीला जागच्या जागी उड्या मारतात ती या उधळपट्टीसाठीच. स्नायू तापला की त्यातल्या रासायनिक क्रिया भराभर होतात, मज्जातंतूंचे निरोप लवकर पोचतात, आखडलेपणा जातो. पण ऊब कुठून आली याची चौकशी स्नायू करत नाही. स्वतः नाचून मिळवलेली असो की बादलीतून घेतलेली असो, त्याला दोन्ही सारखीच.

“आजी, थंडीत खोबरेल तेल गोठलं की काय करतेस तू?”

“काय करायचंय? कढत पाण्याच्या तांब्यात बाटली उभी करते.”

“तेच. मामाच्या मांडीचं अगदी तसंच.”

आईनं एकदा माझ्या मांडीकडे पाहिलं. “एवढा तांब्या कुठून आणायचा?”

भाच्याकडे पुरावेही होते. कोपनहेगनच्या आस्मुसेन आणि ब्योए या दोघांनी १९४५ सालीच माणसांना गरम पाण्यानं न्हाऊ घालून सायकलच्या यंत्रावर बसवलं होतं. तापलेल्या पायांनी काम लवकर उरकलं. पुढे १९८७ साली सार्जंट नावाच्या शास्त्रज्ञानं चौघांचे पाय पाऊण तास ४४ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि मग वीस सेकंद जीव खाऊन पेडल मारायला लावलं. ताकद सुमारे अकरा टक्क्यांनी वाढली. त्याच चौघांचे पाय त्यानं १८ आणि १२ अंशांच्या पाण्यातही घातले होते. तेव्हा ती अनुक्रमे बारा आणि एकवीस टक्क्यांनी घटली. सकाळी गार पाण्यानं आंघोळ करून त्याची गोष्ट दिवसभर इतरांना सांगणारा एक वर्ग पुण्यात आहे. ही शेवटची आकडेवारी मी त्यांच्यासाठी जपून ठेवली.

“अकरा टक्के!” मी हिला म्हणालो. “बँकेत एवढं व्याज कुठली मुदत ठेव देते?”

“मुदत किती सेकंदांची आहे ते ऐकलंत का?” ही म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बारीक अक्षरातल्या अटी मी आयुष्यभर बँकेच्या ग्राहकांनाही वाचू दिलेल्या नाहीत.

शनिवारी रंगीत तालीम घ्यायची ठरली.

आमच्या घरात एक तांब्याचा बंब आहे. तो न्हाणीघरात नसून दिवाणखान्यात आहे. पितांबरीनं घासून लख्ख केलेला, आणि त्याच्या धुराड्यातून कागदी सूर्यफुलं वर आलेली. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. आई मात्र त्याच्याकडे पेन्शनीत निघालेल्या कर्तबगार दिराकडे बघावं तशी बघते. मी गरम पाण्याचा विषय काढल्याबरोबर तिला त्याचे नोकरीचे दिवस आठवले. पहाटे चारला उठून त्यात गोवऱ्या नि नारळाच्या शेंड्या कोण सारायचं, कढत पाण्याला विसण किती घालायचं, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आजोबांची पाठ कोण रगडायचं. मी हिशेब केला. म्हणजे आजोबा पाटावर बसलेले. तेल दुसऱ्यानं चोळायचं, पाणी दुसऱ्यानं तापवायचं, अंगावर दुसऱ्यानं घालायचं. कोपनहेगनच्या आधी कित्येक वर्षं आमच्या वाड्यात पॅसिव्ह वॉर्म-अप चालू होता, फक्त त्यानंतर व्यायाम करायचा असतो हे कुणी आजोबांना सांगितलं नव्हतं. ते फराळाला बसत.

बंब काही सूर्यफुलं सोडायला तयार नव्हता, म्हणून गीझरवर भागवायचं ठरलं. गीझर पंधरा लिटरचा. गोधड्या भिजवायचा निळा प्लॅस्टिकचा टब मी न्हाणीघरात मांडला. आता पाणी ४४ अंश आहे हे ठरवायचं कसं? घरात ताप बघायचा थर्मामीटर होता. तो पाण्यात धरला. त्यानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर दाखवून गप्प बसला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, तो बेचाळीसच्या आसपास हात टेकतो. त्याच्यापुढे ताप गेलेला माणूस सहसा थर्मामीटर मागत नाही.”

शेवटी आईनं पदर खोचला, टबात कोपर बुडवलं आणि म्हणाली, “अजून एक तांब्या विसण घाल. तुला न्हाऊ घालायची तेव्हाही याच कोपरानं बघत होते. तेव्हा तू टबात मावत होतास एवढाच फरक.”

पाऊण तास मी त्या टबात गुडघे हनुवटीला लावून बसलो. वर गेलेले गुडघे कोरडे, मांड्या अर्ध्या बुडालेल्या. दर दहा मिनिटांनी पाणी निवायचं आणि दर दहा मिनिटांनी ही दाराबाहेरून विचारायची, “झालं का तापून?” गीझरचं बटण चालू-बंद करताना येणारा खटका तिनं इतक्या स्पष्टपणे वाजवला, की विजेचं बिल मला टबातच मिळालं.

पंचेचाळीस मिनिटं भरली आणि मी ताडकन उठलो. पुढचं थोडं पुसट आहे. गरम पाण्यानं त्वचेकडच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे धावतं, डोक्याला कमी पडतं आणि घेरी येते, हे भाच्यानं मागाहून समजावलं. ज्यांना मधुमेह, रक्तदाब असं काही आहे त्यांनी तर हा खेळ घरच्या घरी करूच नये, असंही तो म्हणाला. मी शुद्धीवर आलो तेव्हा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलो होतो, आई साखर-पाणी पाजत होती, आणि म्हणत होती, “बाळंतिणीलासुद्धा एवढा शेक देत नाहीत रे.”

रंगीत तालमीतून एक अडचण लक्षात आली. ऊब घेणार सहकारनगरात, चढणार आतकरवाडीतून, आणि मध्ये पाऊण तासाचा रस्ता. तापवलेला स्नायू हा चहासारखाच असतो, ठेवला की निवतो. मोठमोठ्या खेळाडूंनाही हीच चिंता. वॉर्म-अप करायचा आणि मग नाव पुकारेपर्यंत अर्धा-अर्धा तास बाकावर बसून राहायचं. लंडनच्या २०१२च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या ट्रॅक सायकलपटूंनी यावर बॅटरीवर तापणाऱ्या विजारी घातल्या होत्या. लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अर्ध्या तासाच्या बैठकीत अशी विजार घालणाऱ्यांची ताकद साध्या ट्रॅकसूटवाल्यांपेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त भरली. त्या खेळात शतांश सेकंदावर पदकं ठरतात. तिथे नऊ टक्के म्हणजे घबाड.

बॅटरीची विजार आमच्याकडे नव्हती. हिचा खांद्याचा हीटिंग पॅड होता, पण त्याची वायर प्लगपासून दीड मीटर. त्या त्रिज्येत सिंहगड येत नव्हता. मग मी देशी तोड काढली. घरात रबराच्या गरम पाण्याच्या दोन पिशव्या होत्या, एक आईच्या कमरेची आणि एक सर्वांच्या पोटदुखीची. थर्मलच्या विजारीवर ट्रॅकपँट, आणि दोहोंच्या मध्ये दोन्ही मांड्यांवर एकेक पिशवी ओढणीनं बांधलेली. हिची ओढणी, अर्थात हिला न विचारता.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. स्कूटर ही चालवत होती, मी कानटोपी घालून मागे. प्रत्येक गतिरोधकावर माझ्या मांड्यांमधून डुबुक असा आवाज येत होता. खडकवासल्याच्या पाण्यावरून येणारा डिसेंबराचा वारा नाकाचा शेंडा कापत होता, पण मांड्या मात्र ऐन वैशाखात होत्या. मी मनोमन ब्रिटनच्या सायकलपटूंना सलाम केला. आणि डोणज्याच्या अलीकडे एक खड्डा आला.

पोटदुखीची पिशवी जुनी होती. तिचं बूच तिच्यापेक्षा जुनं होतं.

गडाच्या पायथ्याशी सोसायटीची मंडळी शेकोटीभोवती उभी होती. मी उजव्या पायानं निथळत स्कूटरवरून उतरलो. कुणी काही बोललं नाही. चोपन्नाव्या वर्षी माणसाला थंडीत असं होऊ शकतं, एवढी समज आमच्या सोसायटीत आहे. फक्त ‘सी’ विंगमधल्या काकांनी मला बाजूला घेऊन अतिशय हळू आवाजात एका यूरॉलॉजिस्टचं नाव सांगितलं.

पण डावा पाय तापलेला होता, आणि उजव्यातही थोडी धग शिल्लक होती. मी सुटलो. पहिली दहा मिनिटं मी ज्या वेगानं चढलो तो वेग माझ्या घराण्यात कोणी पाहिलेला नाही. ‘सी’ विंग मागे पडली. कॉलेजातली पोरं मागे पडली. अकरा टक्के अक्षरशः पोटऱ्यांत जाणवत होते. अकराव्या मिनिटाला मला पहिला धक्का बसला, आणि विसाव्या मिनिटाला मी एका दगडावर बसून थर्मल काढण्यासाठी आडोसा शोधत होतो.

बारीक अक्षरातली अट ती हीच. वीस सेकंदांच्या झुंजीला उसनी ऊब कामाला येते. तास-दीड तासाच्या चढणीला तीच गळ्याशी येते, कारण शरीर आधीच तापलेलं, त्यात चालण्याची उष्णता भर घालते, आणि ‘आता पुरे’ म्हणायची वेळ लवकर येते. म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू उन्हाळ्यात नेमकं उलट करतात. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये मेब केफ्लेझिगी आणि डीना कास्टर या अमेरिकी धावपटूंनी मॅरेथॉनच्या आधी बर्फाची जाकिटं घातली होती. त्याला रौप्य मिळालं, तिला कांस्य. मी दोन विजारी आणि दीड पिशवी घालून मॅरेथॉनचं काम करायला निघालो होतो. कॉलेजची पोरं पुढे गेली. ‘सी’ विंग पुढे गेली. काकांनी जाताना पुन्हा एकदा डॉक्टरांचं नाव सांगितलं.

तरी पोचलो. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे, आणि त्यातले शेवटचे शंभर मीटर पुणेकर पिठलं-भाकरीच्या वासावर चढतो. वर भजी झाली, पिठलं झालं, ठेचा झाला. शेवटी एका मावशींकडचं मडक्यातलं दही झालं. त्या मावशी साठीच्या पुढच्या, नऊवारी वर खोचलेली, पायात रबरी चपला. सकाळीच पायथ्याच्या वाडीवरून दह्याची मडकी पाटीत घालून वर आल्या होत्या. मी हाशहुश करत पाय चोळतोय हे बघून म्हणाल्या, “दही खावा, दादा. उद्या अंग आंबंल.”

या ‘आंबणे’ शब्दाला मी तिथे बसल्या बसल्या मनोमन दाद दिली. दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७८० साली आंबलेल्या दुधातूनच वेगळं काढलं. पुढे १८०७च्या सुमारास बर्झेलियसला तेच आम्ल शिकारीत पळून पळून थकलेल्या हरणाच्या स्नायूंत सापडलं. तेव्हापासून व्यायाम केला की स्नायूंत आम्ल साठतं आणि म्हणून दुसऱ्या दिवशी ते दुखतात, असं शाळेच्या पी.टी.च्या सरांपासून सगळे सांगत आले. जी गोष्ट सांगायला पी.टी.च्या सरांना अख्खा तास लागायचा, ती मराठीनं एका क्रियापदात बसवली होती: अंग आंबलं.

दुर्दैवानं हे खोटं आहे. ते आम्ल तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखणं येतं ते चोवीस ते बहात्तर तासांत, म्हणजे आम्ल गाव सोडून गेल्यावर. खरं कारण थिओडोर हाफ यानं १९०२ सालीच ताडलं होतं: स्नायूंच्या आत बारीक बारीक फाटाफूट होते. आणि ती सगळ्यात जास्त होते कधी? चढताना नव्हे, उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो. भार पेलत पेलत त्याला लांबावं लागतं आणि त्या ओढाताणीत धागे उसवतात. घाट चढताना गाडीचं इंजिन तापतं, पण उतरताना वास येतो तो ब्रेक लायनरचा. आम्ही सगळे चढणीची भीती बाळगत होतो, आणि खरा दगाबाज उतार दह्याच्या वाटीपलीकडे शांतपणे वाट बघत होता.

सोमवारी मी ठणठणीत होतो. बँकेत चार जणांना आयत्या उबेचं तत्त्वज्ञान सांगितलं, एकाला टबाचं मापही दिलं. संध्याकाळी खुर्चीतून उठताना मांड्यांनी किंचित कुरकुर केली. मंगळवारी सकाळी मांड्या माझ्या राहिल्याच नव्हत्या. पोटऱ्या भरून आल्या होत्या, पाय वाकत नव्हता, आणि आमच्याकडे संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा आहे. त्या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही. आतून मी केलेला आवाज ऐकून शेजारच्यांनी बेल वाजवली होती, एवढंच सांगतो.

बँकेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. संध्याकाळी बाहेर पडताना त्या सरळ उतरणं अशक्य झालं, म्हणून मी उलटा फिरलो आणि बँकेकडे तोंड करून एकेक पायरी मागे उतरलो. गाभाऱ्यातून देवाला पाठ न दाखवता बाहेर पडतात तसा. दारातला वॉचमन गोंधळून नमस्कार करून मोकळा झाला. तीस वर्षांच्या सेवेत संस्थेवर इतकी निष्ठा मी पहिल्यांदाच दाखवली असेल.

भाच्याला बोलावून घेतलं. “तुझी आयती ऊब कुठे गेली?”

“मामा, मी ताकद वाढते म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी दुखणार नाही असं कुठे म्हणालो?”

मग त्यानं पोतडी उघडली. ऑस्ट्रेलियातल्या नोसाका या संशोधकानं नेमकं हेच तपासलं होतं. २००४ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी लोकांचे दंड व्यायामाच्या अगदी आधी तापवून पाहिले, गार करून पाहिले, मग स्नायू लांबवणारा व्यायाम दिला. नंतरच्या दुखापतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २००७ साली त्यांनी दंड व्यायामाच्या एक दिवस आधी वीस मिनिटं तापवला. तेव्हा मात्र दुखणं कमी झालं आणि गेलेली ताकद लवकर परत आली.

“म्हणजे शनिवारच्या टबाचा उपयोग झाला असेल?”

“त्यांनी आतला स्नायू चाळीस अंशांच्या वर नेला होता, मायक्रोवेव्हचं यंत्र लावून. तुझे तर गुडघे कोरडे होते.”

एक दिवस आधीच का, तर त्याचीही एक गोष्ट आहे. रितोसा नावाचा इटालियन शास्त्रज्ञ फळमाशांवर काम करायचा. कुणा सहकाऱ्यानं त्याच्या उबवणपेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. रितोसानं सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर माशांच्या गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे आलेले. १९६२ साली त्यानं ते छापलं. पुढे कळलं, की उष्णतेचा चटका बसला की पेशी काही खास प्रथिनं बनवायला घेतात आणि ती बिघडलेल्या प्रथिनांची डागडुजी करतात. पण हे गवंडी बोलावल्याबरोबर येत नाहीत, त्यांना काही तास लागतात. आदल्या दिवशी निरोप धाडला तर दुसऱ्या दिवशी हजर. बाकी गवंडी आणि आदल्या दिवशीचा निरोप, हे गणित घर बांधलेल्या कुठल्याही माणसाला पटणार नाही. पेशींमध्ये ते जमतं म्हणायचं.

“आणि साधा, हलून केलेला वॉर्म-अप?” मी पडेल आवाजात विचारलं.

“त्यानं थोडं कमी दुखतं. २००७ साली ऑस्ट्रेलियातच लॉ आणि हर्बर्ट यांनी बावन्न जणांना अर्धा तास उतरत्या पट्ट्यावर उलटं चालवलं.”

“उलटं?”

“हो. तू बँकेतून उतरलास तसं. त्यातले जे आधी दहा मिनिटं सरळ चालून आले होते त्यांचं दुखणं शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर तेरानं कमी भरलं. व्यायामानंतर दहा मिनिटं चालले त्यांना काही उपयोग झाला नाही.”

शंभरातले तेरा. माझ्या गणिताच्या मार्कांशी ओळखीचा आकडा वाटला. पास होण्याइतका नाही, पण कोरा पेपरही नाही.

इतका वेळ आई गॅसवर पातेलं ठेवून बसली होती. आता तिनं निर्गुडीचा पाला उकळलेलं पाणी आणलं, त्यात पंचा बुडवून पिळला आणि माझ्या मांडीवर थापला. मला जे वाटलं ते कुठल्या पट्टीवर किती मिलिमीटर भरेल ते माहीत नाही, पण डोळे आपोआप मिटले.

“याला आधार आहे,” भाचा म्हणाला. “स्वीडनमध्ये २०१७ साली पाच जणांचे दमवलेले हात दोन तास गरम करून पाहिले आणि गार करून पाहिले. गरम केलेल्यांचा दम लवकर परत आला, गार केलेल्यांचा रेंगाळला. ऊब स्नायूंतलं खर्च झालेलं इंधन लवकर भरायला मदत करते.”

“स्वीडनला निर्गुडी मिळते होय?” आईनं कौतुकानं विचारलं.

दोन आठवड्यांनी सोसायटीनं पुन्हा सिंहगड काढला. अंगठा पुन्हा हिनंच दाखवला. या वेळी टब नाही, पिशव्या नाहीत. शेकोटीजवळ दहा मिनिटं पाय हलवले, निवांत चढलो, निवांत उतरलो. आणि मंगळवारी सकाळी भीत भीत उकिडवा बसलो तर काय, बसलो! उठलोसुद्धा!

घरात लगेच श्रेयाची वाटणी सुरू झाली. आईनं निर्गुडीला दिलं. हिनं स्वतःच्या अंगठ्याला दिलं. भाचा म्हणाला, या कुणाचंच नाही. एकदा असा उतार उतरून स्नायू उसवले की भरून येताना ते चिवट होतात, आणि पुढचे कित्येक आठवडे तोच उतार तितका दुखवत नाही. उद्याच्या दुखण्यावर सगळ्यांत खात्रीचं औषध म्हणजे मागचं दुखणं. ते मात्र आयतं मिळत नाही. उसनं, भाड्यानं, हप्त्यानंही नाही. मला ते ऐकून वाईट वाटलं. इतकं संशोधन करून विज्ञान शेवटी आमच्या पी.टी.च्या सरांच्या बाजूला जाऊन उभं राहिलं होतं.

पण एक धागा मी अजून सोडला नव्हता. दुसऱ्या खेपेला गडावर त्या दहीवाल्या मावशींना मी मुद्दाम विचारलं होतं, “मावशी, रोज चढता-उतरता, पाय नाही का भरत?”

“पयल्यांदा भरलं आसतील. आता काय!” त्या हसल्या.

“आणि सकाळी निघायच्या आधी अंग गरम करायला काही करता?”

“करायचं काय त्यात? चुलीम्होरं बसते की तासभर.”

मी उडालोच. चूल! ऊब! बसून! गडावर रोज चढणारी बाई पॅसिव्ह वॉर्म-अप करत होती. मी घरी येऊन विजयी मुद्रेनं हिला हे सांगितलं.

“बसून नुसत्या शेकत असतील का हो त्या?” ही म्हणाली. “चुलीपुढे तासभर बसून काय करत असतील?”

मी विचार केला. पंधरा-वीस भाकऱ्या थापत असतील. पीठ मळायचं, गोळा रगडायचा, थापायची, उचलायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, निखाऱ्यावर फुगवायची. म्हणजे तीही ऊब आयती नव्हती तर.

हिनं काही न बोलता परात पुढे सरकवली.

तेव्हापासून दर रविवारी, गडावर जायचं असो नसो, पहाटे मी भाकऱ्या करतो. खांदे मोकळे होतात, घाम येतो, भाचा म्हणतो वॉर्म-अप उत्तम. आमच्या घरात त्या भाकऱ्यांना ‘पॅसिव्ह’ म्हणतात, कारण तव्यावर टाकल्यावर त्या काहीही करत नाहीत. नुसत्या तापतात, फुगत नाहीत.